थंडीत न उठणारा डोझर : आधी धूर पाहावा, मग पाना उचलावा

खरीप निघाला की जमिनीच्या कामांना वेग येतो. बांधबंदिस्ती, शेततळी, उंचसखल शिवाराचे सपाटीकरण ही कामे पाऊस नसलेल्या महिन्यांतच उरकावी लागतात आणि त्यांतला मोठा काळ थंडीचा असतो. पंजाब-हरियाणाची मैदाने असोत, हिमाचलातील फळबागांचे उतार असोत, की पारा कधीकधी ५ अंशांखाली उतरणारा निफाडचा द्राक्षपट्टा असो. पहाटे जुना बुलडोझर सुरू न होणे हा सर्वत्र सारखाच अनुभव आहे. यंत्राचे भाडे तासावर ठरलेले असते. ऑपरेटर, मजूर आणि पुढच्या गावी वाट पाहणारा शेतकरी असे सारेच खोळंबतात. या घाईतच ईथरचा फवारा, तेलटाकीखाली पेटवलेला जाळ, दुसऱ्या यंत्राने दिलेला धक्का असे उपाय होतात आणि काही हजारांत भागले असते ते काम लाखांवर जाते.

भारतीय शेतीत साखळीचे अवजड ट्रॅक्टर मोठ्या संख्येने आले ते स्वातंत्र्यानंतर. १९४७ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने युद्धातून उरलेली यंत्रे घेऊन मध्य भारतातील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोडायला घेतल्या. पुढे १९४९ मध्ये जागतिक बँकेचे १ कोटी डॉलरचे कर्जही या कामासाठी मिळाले. १९६४ मध्ये बंगळूर येथे बीईएमएल स्थापन झाल्यावर देशी बनावटीचे डोझर उपलब्ध होऊ लागले. दोन-तीन दशके राबलेली अशी यंत्रे आजही हातोहात विकली जातात. त्यांचे लोखंड दणकट असते; थंडीत उणीव भासते ती उष्णतेची.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. १६ पट दाब देणाऱ्या इंजिनाचा साधा हिशेब मांडला, तर बाहेरची हवा ३० अंशांऐवजी ५ अंश असताना दाबाअंती ती सुमारे ६५ अंशांनी कमी तापते. म्हणजे बाहेरचा २५ अंशांचा फरक आत अडीचपट होतो. त्यात इंजिन हळू फिरले, तर तापलेली हवा थंड भिंतींना उष्णता देत बसते आणि झिजलेल्या रिंगांमधून निसटते. नव्या इंजिनाला हा तोटा सोसतो, जुन्याला सोसत नाही. उन्हाळ्यात लपून राहिलेली झीज जानेवारीत उघडी पडते ती अशी. ‘थंडीमुळे सुरू होत नाही’ हे निदान म्हणूनच अर्धवट आहे. थंडीने नेमका कोणता दोष उघड केला, हे शोधायचे असते.

त्यासाठी सेल्फ मारताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे : इंजिन किती वेगाने फिरते, आणि सायलेन्सरमधून काय बाहेर येते.

इंजिन जड, अडखळत फिरत असेल तर नोझल व पंपाला हात लावू नये. दोष बॅटरी, केबल, सेल्फ किंवा इंजिन ऑइलमध्ये असतो. शून्य अंशाजवळ बॅटरीची ताकद साधारण दोन-तृतीयांशावर येते, तर घट्ट झालेले ऑइल तिच्याकडून अधिक काम मागते. २४ व्होल्टच्या यंत्रणेत विश्रांतीनंतर २५ व्होल्टच्या आसपास वाचन मिळावे; सेल्फ फिरताना ते १९ च्या खाली जात असेल तर बॅटरी दुबळी आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर विद्युतप्रवाह ओढतो आहे. दोन्ही बॅटऱ्या स्वतंत्रपणे मोजाव्यात, कारण एक खराब बॅटरी चांगलीलाही ओढून नेते. त्यानंतर मीटरची एक टोकणी बॅटरीच्या खुंटीवर व दुसरी सेल्फच्या खुंटीवर ठेवून सेल्फ मारावा. तिथे अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले, तर वीज गंजलेल्या जोडणीतच खर्च होत आहे. चासीकडे जाणारी अर्थिंगची केबल बहुतेक मिस्त्री शेवटी तपासतात. ती आधी तपासणे शहाणपणाचे. डोंगरी भागात आणखी एक धोका असतो : उतरलेल्या बॅटरीतील पाणी गोठून तिचे कवच फुटू शकते, पूर्ण भरलेली बॅटरी मात्र तिथल्या थंडीतही गोठत नाही.

ऑइलची गोष्ट थोडी वेगळी आहे. झिजलेले इंजिन ऑइल खाऊ लागले की मालक जाड ऑइल भरतो. उन्हाळ्यात त्याने धूर कमी दिसतो, पण पहाटेच्या गारठ्यात तेच ऑइल इंजिनाला जखडून ठेवते. निर्मात्याची मुभा असल्यास हिवाळ्यापुरते १५डब्ल्यू-४० ऑइल वापरल्याने पुष्कळ यंत्रे पुन्हा मोकळी फिरू लागतात.

इंजिन चांगले फिरते, पण धूर अजिबात नाही, अशी स्थिती असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. प्रथम स्टॉपची तार पूर्ण परतली आहे ना, हे पाहावे. ती घाणीने अडकल्याने वाया गेलेल्या सकाळी कमी नाहीत. नंतर हँड प्रायमर दाबून पाहावा. आधी सैल लागून वीस-पंचवीस दाबांनंतर तो घट्ट झाला आणि इंजिन लगेच सुरू झाले, तर रात्रीत डिझेल टाकीकडे परतले असे समजावे. थंडीत आकसलेले जुने रबरी पाइप, सैल बंजो बोल्ट किंवा न बसणारा झडपेचा गोळा यांतून एअर शिरते. पाइपचा छोटा तुकडा पारदर्शक नळीने बदलल्यास बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. यासाठी पंप काढून प्रयोगशाळेत पाठवणे म्हणजे निव्वळ खर्च होय.

प्रायमर दाबला जात नाही, फिल्टर काढल्यावर त्यात मेणासारखा थर दिसतो, तर डिझेल गोठू लागले आहे. भारतीय मानकानुसार डिझेल वाहायचे थांबण्याचे तापमान हिवाळ्यात ३ अंशांपर्यंत, तर उन्हाळ्यात १५ अंशांपर्यंत असलेले चालते. मे महिन्यात भरलेली टाकी तशीच ठेवून डिसेंबरात यंत्र चालवायला घेतले, तर हा उन्हाळी माल थंडीत अडतो. हंगामाआधी जुने डिझेल वापरून संपवावे व ताजे भरावे. लडाखसारख्या प्रदेशासाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे विशेष डिझेल २०१९ पासून मिळू लागले आहे. रॉकेल मिसळण्याची जुनी युक्ती मात्र टाळावी. पंपाचे वंगण त्याने कमी होते, आणि तशी भेसळ कायद्यातही बसत नाही.

तिसरी स्थिती सर्वांत बोलकी असते : इंजिन फिरते, पांढरा धूर भरपूर, डोळ्यांना झोंबणारा वास, पण पेट नाही. डिझेल आत जाते, न पेटता वाफ होऊन बाहेर येते. इथे हीटर प्लग किंवा हवा तापवणारी जाळी प्रथम तपासावी. त्या निर्दोष असूनही हेच घडत असेल तर नोझलचा फवारा, पंपाचे टायमिंग आणि अखेरीस कॉम्प्रेशन या क्रमाने जावे. रेडिएटरमध्ये कोमट पाणी भरल्यावर इंजिन सहज सुरू झाले, तर संशय कॉम्प्रेशनवर पक्का होतो. उकळते पाणी थंड लोखंडात ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे.

ईथरचा फवारा नेमका याच टप्प्यावर हाती येतो. हीटर प्लग किंवा जाळी तापलेली असताना मारलेला ईथर हवेच्या मार्गातच भडकतो. आत गेला तरी वेळेआधी पेटून पिस्टनच्या रिंगखोबणी मोडतो. मग कॉम्प्रेशन आणखी घटते आणि दुसऱ्या दिवशी अधिक ईथर लागतो. धक्क्याचा उपायही टॉर्क कन्व्हर्टरच्या बहुतेक डोझरांत चालत नाही. सेल्फ एका वेळी ३० सेकंदांहून अधिक मारू नये आणि मध्ये निदान २ मिनिटे जाऊ द्यावीत.

जुन्या कॅटरपिलर यंत्रांची रचना या बाबतीत मोठी समंजस होती. मुख्य इंजिनाला फिरवण्यासाठी शेजारी दोन सिलिंडरचे छोटे पेट्रोल इंजिन असे. दोघांचे पाणी एकच असल्याने छोटे इंजिन चालता चालता मोठे तापे. कॉम्प्रेशन सोडण्याचा दांडा ओढून आधी ते मोकळे फिरवीत, ऑइलचा दाब आला की मगच डिझेल देत. अशी यंत्रे हाताळणाऱ्याने घाई न करता छोटे इंजिन पाच-दहा मिनिटे चालू द्यावे.

कॉम्प्रेशन खरोखरच कमी निघाले तरी हंगामाच्या मध्यावर इंजिन उघडण्याची निकड नसते. वीज उपलब्ध असेल तिथे इंजिनाच्या पाण्यात बसवायचा हीटर रात्री दोन-तीन तास लावावा, संध्याकाळी टाकी भरून ठेवावी म्हणजे आत दव साचत नाही, आणि सकाळी फिल्टरखालील वाटीतील पाणी काढावे. एवढ्यावर मार्चपर्यंतचे काम निघू शकते. लायनर-पिस्टनचे काम जूनमध्ये, डोझर पावसाने उभा राहिल्यावर काढावे. तेव्हा मिस्त्रीही मोकळा असतो.