फुकटचा वेग, उष्णतेचं बिल

१९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर बाजारात आला. मदरबोर्डच्या बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झ आणि प्रोसेसरचा गुणक साडेचार, म्हणून एकूण वेग ३००. हौशी मंडळींनी बस १०० वर नेली. गुणक तोच राहिला आणि प्रोसेसर थेट ४५० वर पळू लागला, म्हणजे कितीतरी महागड्या पेंटियम टूच्या बरोबरीने! अनेकांना त्यासाठी वेगळा पंखासुद्धा घ्यावा लागला नाही.

हे जमतं कसं? सिलिकॉनच्या एकाच चकतीवर शेकडो चिप तयार होतात. पण एका घाण्यातल्या चकल्याही सारख्या उतरत नाहीत, तसंच हे. कंपनी चिप तपासून वर्गवारी लावते आणि त्या वर्गातली कमजोर चिपही वर्षानुवर्षं पेलेल असाच वेग खोक्यावर छापते. त्यामुळे बऱ्याच चिपमध्ये थोडी ताकद शिल्लक असते. ती वापरणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

अडचण उष्णतेची. चिपमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. नुसता वेग १० टक्के वाढवला, तर उष्णताही साधारण १० टक्केच वाढते. तो वेग पेलवावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढवलं, की १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे जवळजवळ ३३ टक्के! कंपनीने सोबत दिलेला स्टॉक कूलर मूळ उष्णतेच्या हिशेबानेच बनवलेला असतो. त्याच्या भरवशावर वेग वाढवावा, व्होल्टेज नाही.

एएमडीचा २०१७चा रायझन ५ १६०० घ्या. सहा कोअर, मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ, उष्णतेचा हिशेब ६५ वॉटचा, कूलर सोबत. आधी कूलरवरची धूळ झाडा. थर्मल पेस्ट सुकली असेल तर नवी लावा. मग बायॉसमध्ये जाऊन व्होल्टेज ‘ऑटो’वरून काढून स्वतः ठरवा, कारण ‘ऑटो’वर ठेवलं तर मदरबोर्ड ते परस्पर वाढवू शकतो. गुणक थोडाथोडा चढवा. दर पायरीला प्राइम९५सारख्या प्रोग्रॅमने प्रोसेसरला पूर्ण कामाला जुंपा आणि तापमान बघा. या चिपची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे. आपण ८०च्या आसपास थांबलेलं बरं. पीसी हँग झाला किंवा निळी स्क्रीन आली, तर एक पायरी खाली या. पीसी सुरूच झाला नाही, तर मदरबोर्डवरच्या ‘क्लिअर सीमॉस’ पिनांनी सगळं पूर्ववत होतं.

कूलर चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पुण्यात जानेवारीत, २० अंशांच्या खोलीत ७५ वर स्थिर राहिलेला प्रोसेसर मे महिन्यात नागपूरच्या ४० अंशांच्या खोलीत ९५च्या घरात जाईल. तिथे तो जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो आणि केलेली मेहनत वाया जाते. म्हणून चाचणी उन्हाळ्यात घ्या, नाहीतर हिवाळ्यात २० अंशांची जागा मोकळी सोडा. जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता एकत्र आली, की चिपमधल्या सूक्ष्म तारांची झीज वाढते. शिवाय ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

आजचे प्रोसेसर तापमान आणि विजेचा अंदाज घेत ‘बूस्ट’च्या नावाखाली हे काम स्वतःच करतात, हाताने वाढवायला फारसं उरलेलं नसतं. त्यांच्या बाबतीत उलटा उपाय जास्त फळतो: व्होल्टेज किंचित कमी करायचं. चिप थंड राहते आणि वरचा वेग जास्त वेळ टिकवते. तेव्हा स्टॉक कूलरवर व्होल्टेज न वाढवता मिळेल तेवढा वेग घ्या आणि थांबा. त्यापुढे जायचं असेल, तर आधी मोठा कूलर आणा.