शेतकऱ्याच्या पोराचा निराळा धंदा



वासरू दगावले की म्हैस पान्हा चोरते. अशा वेळी जुनी माणसे त्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे उभे करीत. म्हैस ते चाटी, पान्हा सोडी आणि घरचे दूध चालू राही. मेलेल्या प्राण्याचे कातडे टिकवून त्याला जिवंतपणीचे रूप देण्याच्या कलेला टॅक्सीडर्मी म्हणतात. आपण तिला पेंढा भरणे म्हणतो. या कलेत जगभर नाव मिळवणारा माणूस शेतकऱ्याचाच मुलगा होता. त्याची हकीकत घरातल्या तरुण मुलामुलींना अवश्य वाचून दाखवा.

कार्ल एकली याचा जन्म १८६४ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील क्लॅरेंडन येथे एका शेतावर झाला. घरची गरिबी, शाळा अवघी तीन वर्षे. पण पोराला पक्ष्यांचा नाद होता. जवळच्या ब्रॉकपोर्ट गावी रंगकाम करणारे एक गृहस्थ हौसेने पक्षी भरून ठेवीत. ते पाहून कार्ल वेडावला. बारा-तेराव्या वर्षी त्याने या विषयावरचे एक पुस्तक उसने आणले आणि वाचून हात चालवू लागला. सोळाव्या वर्षी त्याने धंद्याचे कार्डही छापून घेतले. पक्ष्यामागचा देखावा रंगवता यावा म्हणून चित्रकलेचे धडेही घेतले.

एकोणिसाव्या वर्षी शेतावरची सुगी उरकून तो घराबाहेर पडला. रॉचेस्टर शहरात वॉर्ड नावाच्या गृहस्थांचा मोठा कारखाना होता. तेथून संग्रहालयांना प्राण्यांचे नमुने जात. तेथे त्याला आठवड्याला साडेतीन डॉलर पगारावर काम मिळाले. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र आठवड्याला चार डॉलर! आपण म्हणू, हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. पण तो पगारासाठी नव्हे, हुन्नर शिकण्यासाठी गेला होता.

तेथे प्राण्याचे कातडे उलटे टांगून त्यात मावेल तितका पेंढा कोंबीत. प्राणी पोत्यासारखा फुगे. एकलीला ते खटके. कातडे हा अंगरखा, तो आतल्या अंगावर बेतलेला हवा, हे त्याने ओळखले. पुढे त्याने स्वतःची रीत बसवली. प्राण्याची मापे घ्यायची, सांगाड्यावर मातीने स्नायू घडवायचे, त्याचा साचा काढायचा, साच्यातून हलका पोकळ पुतळा करायचा आणि त्यावर कमावलेले कातडे चढवायचे. म्हणजे जुना पेंढा गेला आणि मूर्तिकाराचे काम आले. १८८५ साली आगगाडीखाली सापडून मेलेल्या जंबो या प्रसिद्ध हत्तीच्या कामात त्याचा हात होता. १८९० साली मिलवॉकीच्या संग्रहालयात त्याने पाणउंदरांचे कुटुंब त्यांच्या घरट्यासह उभे केले. पुढे शिकागो आणि १९०९ पासून न्यूयॉर्क येथील संग्रहालयात त्याने काम केले. स्वतः गोरिलांची शिकार केलेल्या या माणसाने पुढे त्यांच्या रक्षणासाठी खटपट केली आणि १९२५ साली काँगोत त्यांच्यासाठी अभयारण्य झाले. पुढल्याच वर्षी तो तेथेच वारला.

ही हकीकत वाचून कोणी पोर मोर किंवा ससा भरायला निघेल, म्हणून आधी कायदा सांगतो. आपल्याकडे म्हैसूरचा व्हॅन इंजेन यांचा कारखाना राजेरजवाड्यांनी मारलेले वाघ भरण्यासाठी प्रसिद्ध होता. तो १९९९ साली बंद झाला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे रानातला प्राणी मारणे हा गुन्हा आहे. रानात मेलेला सापडला तरी तो सरकारची मालमत्ता असतो. तो घरी आणू नका, वनखात्याला कळवा. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ साली या कामाचे केंद्र सुरू झाले. पशुवैद्यकाचे शिक्षक डॉ. संतोष गायकवाड यांनी ते उभारले. मेलेले वाघ-बिबटे तेथे सरकारी परवानगीने जतन होतात.

मग हौशी मुलाने हात कशावर बसवावा? घरच्या खुराड्यातली कोंबडी, बाजारातला मासा यांवर. कातडे सोलून मांस-चरबी नीट खरडावी आणि आतून टाकणखार चोळावा. जुन्या काळी यासाठी सोमलाचा साबण वापरीत. सोमल जहरी असतो, म्हणून जुन्या भरलेल्या प्राण्यांना मुलांचा हात लागू देऊ नका. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जे जनावर अचानक मेले, नाकातोंडातून काळे रक्त आले, त्याला सुरी लावू नका. तो काळपुळी, म्हणजेच फाशी रोग असू शकतो आणि तो माणसालाही होतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे आणि ते सांगतील तसे पुरावे.

या धंद्यात आपल्याकडे कामे थोडी आहेत, हे खरे. पण त्यामागची विद्या वाया जात नाही. बैलाचा खांदा ओझ्याखाली कसा फुगतो, शेळी उठताना कोणता पाय आधी टेकते, हे शेतकऱ्याच्या मुलाला रोज दिसते. शहरातला विद्यार्थी ते पुस्तकात शोधतो. ही नजर पशुवैद्यकाला लागते, मूर्तिकाराला लागते, संग्रहालयातही लागते. घरात असे पोर असेल तर 'हे कसले खूळ' म्हणून झिडकारू नका. शाळा सुटू देऊ नका, कामातून रोज तासभर मोकळीक द्या, आणि जाणकार माणसाच्या हाताखाली धाडा. पहिली दोन वर्षे पदरचे गेले तरी हरकत नाही. बी पेरले की लगेच कणीस मागत नाही ना आपण?