आठ दिवस, दोनच मुक्काम

"एवढा खर्च करून जातोय, तर मोटारीनं पॅरिस, रोम, व्हिएन्ना सगळंच उरकू," असं घरात ठरत असेल, तर मैत्रिणींनो, नकाशा आपल्या हाती घ्या! रोज नवं हॉटेल म्हणजे रोज बॅगा भरणं, आणि ते कुणाच्या वाट्याला येतं हे का सांगायला हवं? ऑस्ट्रियात इन्सब्रुकला चार रात्री, इटलीत व्हेरोनाला तीन, बस्स! मधलं अंतर ब्रेनर घाटातून जेमतेम पावणेतीनशे किलोमीटर. व्हेरोनाहून गार्डा सरोवर पाहून रात्री परत येता येतं. इन्सब्रुकला शनिवारीच दूध-पाव आणून ठेवा, रविवारी बहुतेक दुकानं बंद! आणि व्हेरोनाच्या जुन्या गावात मोटार घालण्याआधी हॉटेलात परवानगीचं विचारा. नाहीतर दंडाची चिठ्ठी मागाहून घरी येते.