अकोल्याचा उन्हाळा आणि तुमचा पीसी: कमी बजेटमध्ये टिकाऊ एसएमपीएस कसा निवडायचा?

गेल्या मे महिन्यात माझ्या आतेभावाचा फोन आला. तो अकोल्यात जठारपेठेत राहतो. वरच्या मजल्यावरची खोली, डोक्यावर दिवसभर तापलेला स्लॅब.

"दादा, गेम लावला की दहा मिनिटात पीसी बंद पडते. व्हायरस आला काय?"

व्हायरस वगैरे काही नव्हतं. पठ्ठ्याने विंडोज पुन्हा टाकून पाहिली, रॅम काढून पुसली. चौथ्या दिवशी जळका वास आला आणि कॅबिनेट गप्प. एसएमपीएस तर गेलाच, पण जाताना मदरबोर्ड आणि एसएसडीलाही घेऊन गेला. त्या एसएसडीत शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता आणि बॅकअप कुठेच नव्हता. पीसी बनवताना त्याने एसएमपीएसवर दोन-अडीच हजार वाचवले होते, बस्स!

म्हणून आज बघूया, आपल्याकडच्या उन्हात टिकेल असा स्वस्त पण भरवशाचा एसएमपीएस कसा निवडायचा.

एसएमपीएस नेमकं करतो काय?

घरच्या बोर्डातून येते २३० व्होल्टची एसी वीज. पीसीच्या पार्ट्सना लागते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज. हा बदल करणारा डबा म्हणजे एसएमपीएस. तुमच्या मोबाईलचा चार्जर हेच काम करतो, फक्त छोट्या प्रमाणावर.

हा बदल करताना थोडी वीज वाया जाते आणि तिची उष्णता होते. समजा, तुमचा पीसी ३०० वॅट खातोय. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के असेल तर तो बोर्डातून साधारण ३५३ वॅट ओढतो, म्हणजे ५३ वॅटची उष्णता. ७० टक्केवाला लोकल डबा असेल तर तो ४२९ वॅट ओढतो आणि त्यातले १२९ वॅट डब्यातच तापतात. म्हणजे जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब कॅबिनेटमध्ये लावून ठेवल्यापेक्षाही जास्त! वरून वीजबिल वाढतं ते वेगळंच.

वॅट किती, यापेक्षा किती अंशांवर?

खरी गोम इथे आहे. डब्यावर "४५० वॅट" लिहिलेलं असतं, पण ते वॅट किती तापमानाला मिळतील हे बहुतेक जण बघतच नाहीत. काही एसएमपीएस २५ किंवा ३० अंशांवर तेवढे वॅट देतात, काही ४० अंशांवर, तर चांगले ५० अंशांवरही पूर्ण वॅट सलग देतात.

आता आपल्याकडची परिस्थिती बघा. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना ३१ मेपर्यंत कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा दिवसांत स्लॅबखालच्या खोलीत ३८-४० अंश सहज असतात आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. मग २५ अंशांवर मोजलेले ४५० वॅट आपल्या काय कामाचे?

बरं, "८० प्लस ब्राँझ" लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. हे सर्टिफिकेट कार्यक्षमता सांगतं आणि ती चाचणी साधारण २३ अंशांच्या खोलीत होते. ते असावंच, पण त्याचा अर्थ "उन्हात टिकेल" असा होत नाही.

गरमीत आधी कोण मरतं?

कपॅसिटर. एसएमपीएसच्या आत उभे असलेले छोटे डबे. त्यांच्यात द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं.

हिशोब करूया. १०५ अंशांवर २,००० तास चालणारा कपॅसिटर ६५ अंशांवर सुमारे ३२,००० तास चालेल. खोली १५ अंशांनी जास्त गरम झाली आणि तोच कपॅसिटर ८० अंशांवर गेला, तर उरतात साधारण ११,३०० तास. आणि स्वस्त डब्यातला ८५ अंशांचा कपॅसिटर असेल तर? फक्त २,८०० तास. रोज ८ तास पीसी चालवला तर एक वर्षही नाही! मे महिना बारा महिने नसतो हे खरं, पण फरक केवढा आहे ते बघा.

विकत घेताना हे तपासा

१. तापमान: कंपनीच्या साईटवर मॉडेल शोधा. पूर्ण वॅट किमान ४० अंशांवर दिलेले हवेत. ५० असेल तर डोळे झाकून पुढे जा. तापमान लिहिलंच नसेल तर सोडून द्या.

२. १२ व्होल्टचे अँपिअर: प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यावरच चालतात. लेबलवर १२ व्होल्टसमोर ३६ अँपिअर असेल तर १२ × ३६ = ४३२ वॅट. डब्यावर ४५० लिहून आत १६ अँपिअरच असेल तर हाती आले फक्त १९२ वॅट.

३. कपॅसिटर: "१०५ अंश" असा उल्लेख हवा. सगळे जपानी असतील तर उत्तम.

४. संरक्षण: जास्त व्होल्टेज, ओव्हरलोड, शॉर्टसर्किट आणि जास्त तापमान, या चारही गोष्टींपासून संरक्षण हवं. आतेभावाचा मदरबोर्ड यानेच वाचू शकला असता.

५. इनपुट: १०० ते २४० व्होल्टवाला घ्या. संध्याकाळी सगळ्यांचे कूलर सुरू झाले की व्होल्टेज पडतं, तेव्हा तो तग धरतो.

६. वॉरंटी आणि आर-नंबर: वॉरंटी किमान ३ वर्षं, ५ असेल तर बेस्ट. लेबलवरचा बीआयएसचा आर-नंबर बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून दुकानातच तपासा. पक्कं बिल घ्यायला विसरू नका.

किती वॅटचा घ्यावा?

ग्राफिक्स कार्ड नसेल आणि रायझेन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर असेल, तर चांगला ४५० वॅटवाला भरपूर झाला. आरटीएक्स ३०६० लावायचं असेल तर कार्डाचे १७०, प्रोसेसरचे ९० आणि बाकी ५० धरून ३१० च्या आसपास होतात. तिथे ५५० वॅटचा घ्या. निम्म्या-साठ टक्के लोडवर तो कमी तापतो आणि पंखाही शांत राहतो.

घरी काय काळजी घ्याल?

कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका. खोलीत कूलर जरूर लावा, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. ओल आणि पाण्यातले क्षार आत जातात. उन्हाळ्यात महिन्या-दोन महिन्यांनी जाळीवरची धूळ काढा, अर्थात प्लग काढूनच. अर्थिंग तपासून घ्या. आपली काळी जमीन उन्हाळ्यात कोरडी पडून भेगाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता.

आणि एक महत्त्वाचं: एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका! प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज काही काळ शिल्लक राहू शकते.

पैसे कमी पडत असतील तर आरजीबी लाईट्स सोडा, काचेचं कॅबिनेट सोडा, ग्राफिक्स कार्ड सहा महिन्यांनी घ्या. एसएमपीएसमध्ये मात्र काटकसर नको. बाकी प्रत्येक पार्ट त्याच्या भरवशावर चालतो.

आणि हो, हे वाचून झालं की आधी तुमच्या प्रोजेक्टचा बॅकअप घ्या. एसएमपीएस बदलून मिळतो, गेलेला डेटा नाही. तुमच्या डब्यावर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलंय? आज घरी गेल्यावर बघाच!