आधी कागद, मग अनामत

मुलगा पुण्यास शिकावयास निघाला, की आई शिदोरी बांधते, गुरुजी दाखला देतात. पण राहण्याचे काय? आधी सरकारी वसतिगृहासाठी अर्ज करावा. ते न मिळाल्यास खोली पाहावी. मात्र ‘तोंडी ठरलंय’ म्हणून अनामत मोजू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. भाडे, वीजबिल, अनामत परत मिळण्याची मुदत, सारे त्यात लिहून घ्यावे. खोली रात्रीही पाहावी: जिन्यात दिवा आहे ना, दाराला आतून कडी लागते ना? शिक्षकबंधूंनो, सहीपूर्वी हा कागद मुलाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या. घरच्यांचे घामाचे पैसे त्यात अडकलेले असतात.