ट्रेलरवर डरकाळी, उजनीत ढिम्म: जुनी जेट स्की पाण्यात का चालत नाही?

ज्यांना इअरफोन लावायची सोय नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. रेकॉर्डिंग एमआयडीसीतल्या शेडमध्ये झालं, मागे ग्राइंडर चालू होता, त्यामुळे ऑडिओत दोन-तीन वाक्यं गेलीत. ती इथे सापडतील.

भिगवणच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. पोरानं कोकणातल्या एका किनाऱ्यावरून जुनी जेट स्की घेतली. विकणाऱ्यानं ट्रेलरवरच चालू करून दाखवली, एका बटणात स्टार्ट, आवाज खणखणीत. इकडे आणून उजनीच्या बॅकवॉटरला सोडली, रेस दिली, तर आवाज नुसता वर चढतो आणि गाडी जागची हलत नाही. दुसऱ्या खेपेला तर दोन-तीन मिनिटांत बंदच पडली. गॅरेजवाला म्हणतोय इंजिन खोलू. आणि शेवटी, "रविवारी एकटाच जाऊन परत एकदा ट्राय मारतो."

त्याला मी लगेच मेसेज टाकला: इंजिन खोलू नको, आणि रविवारी एकटा तर अजिबात जाऊ नको. का, ते आता सविस्तर सांगतो.

आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. जेट स्की हे खरं तर कावासाकी कंपनीचं नाव, पण आपण सगळ्यांनाच तसं म्हणतो. हिला बाहेर पंखा नसतो. पोटाखाली एक जाळी असते, तिथून पाणी आत ओढलं जातं, आतला इम्पेलर ते जोरात मागे ढकलतो आणि मागच्या निमुळत्या तोंडातून धार सुटते. त्या धारेच्या जोरावर गाडी पुढे जाते. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात अशा जेटच्या बोटी पुढे आणल्या, कारण तिकडच्या उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांत साधा पंखा टिकत नव्हता.

म्हणजे इंदापूर-बारामतीच्या भाषेत सांगायचं तर जेट स्की म्हणजे इंजिनवर चालणारा पंप. आणि पंपाचं दुखणं आपल्याला काय नवीन आहे? नदीवरची मोटार चालू आहे, आवाज येतोय, पण पाइपातून पाणी नाही. अशा वेळी आपण मोटारीचं वाइंडिंग आधी उसकटत बसतो का? फूटव्हॉल्व्ह बघतो, कचरा बघतो, कुठून हवा धरतेय ते बघतो. इथेही तसंच.

आता ट्रेलरवरचा तो डेमो. त्याला मी शून्य मार्क देतो. जमिनीवर इम्पेलर हवेत फिरतो, त्याला काही ढकलायचंच नसतं. रिकामी ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरवरून उसाच्या भरल्या ट्रॉलीचा अंदाज येत नाही. दोन सिलिंडरपैकी एक मेलेला असला तरी ट्रेलरवर इंजिन गुरगुरतं, थोड्या पेट्रोलवरही भागतं. ताकद लागते ती पाण्यात.

म्हणून पहिला प्रश्न एकच: पाण्यात रेस दिल्यावर आवाज चढतो का? चढतो पण गाडी जात नाही, तर बहुतेक वेळा दोष पंपाच्या बाजूला. आवाजच चढत नाही, अडकतो, मरतो, तर इंजिनच्या बाजूला. एवढी विभागणी केली तरी निम्मा खर्च वाचतो.

आमच्या या गड्याला दोन्ही दुखणी होती.

पंपापासून सुरुवात केली. इंजिन बंद, सेफ्टीची दोरी काढलेली, बॅटरीची वायर सुटी, मगच खाली हात घालायचा. यात तडजोड नाही, बोटं परत येत नाहीत. जाळीत जलपर्णीची मुळं होती, ती अपेक्षितच होती. पण शाफ्टला तंगूस गुंडाळलेला होता, मासेमारीच्या जाळ्याचा चांगला वावभर तुकडा, पीळ घट्ट बसून दोरखंडासारखा झालेला. उजनीत जाळी सगळीकडे लावलेली असतात, हे तिथे गाडी उतरवणाऱ्यानं गृहीतच धरावं. (आणि ते जाळं कुणाचं तरी पोट आहे, हेही.)

तंगूस कापून काढला, तरी मला समाधान नव्हतं. इम्पेलरच्या भोवती एक रिंग असते, वेअर रिंग म्हणतात. पातं आणि रिंग यांच्यातली फट अगदी कमी लागते, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. नेमका आकडा आपापल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. फट वाढली की पाणी मागे जाण्याऐवजी पात्याच्या कडेनं परत फिरतं. पात्याजवळ वाफेचे बुडबुडे होतात, पकड सुटते, आवाज चढतो आणि गाडी डुलत राहते. किनाऱ्यावर भाड्यानं फिरलेल्या गाड्यांची ही रिंग वाळूनं खाल्लेली असते, कारण गिऱ्हाईक गुडघाभर पाण्यातच रेस देतं. मॅन्युअलमध्ये गाडीखाली किमान दोन-तीन फूट पाणी ठेवा असं असतं ते याचसाठी.

फट मोजायला फीलर गेज लागतो. तो एमआयडीसीत कुठल्याही टूलरूममधे पडलेला असतो, चहाच्या बदल्यात मिळतो. सगळीकडून मोजा, एकाच जागी नको. आमच्याकडे एका बाजूला दीड मिलिमीटरचं पान आरामात आत गेलं. लेथवाला मित्र म्हणाला, "आपण टर्न करून देतो की रिंग." मी नको म्हणालो. पिचत आलेल्या गाडीत जुगाड चालतो, पण हजारोंच्या आरपीएमवर फिरणाऱ्या पात्याशेजारी तयार पार्टच बरा.

आता दुसरं दुखणं, दोन मिनिटांत बंद पडायचं. इथे एक बिनपैशाची चाचणी आहे आणि माझी ती फार आवडती आहे: सीट काढून चालते आणि सीट लावली की मरते का? तसं असेल तर एक्झॉस्टची नळी आतल्या आत गळतेय. सीट बसली की इंजिनची खोली जवळपास बंद होते, धूर आत साठतो, इंजिन तोच धूर परत ओढतं आणि गुदमरतं. याची तशीच निघाली. रबरी नळीचा क्लॅम्प खाऱ्या पाण्यानं कुजून सैल झाला होता. इंजिन खोलायचं बिल वाचलं. फक्त ही चाचणी बंद शेडमध्ये करू नका आणि तोंड आत घालून वास घेऊ नका, त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो.

सीट उघडलीच आहे तर तळाला पाणी आहे का तेही बघा. मागचे ड्रेन प्लग लावायचे राहिलेत का, हे आधी. ते ठीक असतील तर शाफ्ट जिथून बॉडीबाहेर जातो तिथलं सील. आत पाणी साठलं की फिरता शाफ्ट ते इंजिनवर उडवतो, वायरिंग भिजतं, कधी हवेच्या वाटेनं पाणी आत जातं. जमिनीवर हा दोष दिसणारच नाही, तिथे पाणीच कुठंय?

आणि पेट्रोल. जुन्या गाडीच्या टाकीत महिनोन्महिने पडलेलं पेट्रोल सरळ काढून टाका. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं बरंच आपल्याच उसातून आलेलं. इथेनॉल ओलावा ओढतं, जास्त झाला की पाण्यासकट खाली बसतं. जेट स्कीच्या बहुतेक मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते, तेव्हा टाकीत भरून ठेवू नका, लागेल तेवढंच भरा. फिल्टर बदला, प्लग बघा, कॉम्प्रेशन मोजा. दोन सिलिंडरच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर मात्र गॅरेजवाल्याचं ऐका. नव्या मॉडेलमध्ये अजून एक गंमत: ऑइल कमी किंवा इंजिन गरम झालं की कॉम्प्युटर स्वतःच वेग दाबून धरतो. काही गाड्यांना शिकाऊ चावी असते, ती लावली तरी गाडी हळूच जाते. दोष शोधण्याआधी चावी कुठली मिळाली ते विचारा.

घरी पाइप लावून चालवताना क्रम पाठ करा. बहुतेक मॉडेलना आधी इंजिन चालू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलटं केलं तर पाणी एक्झॉस्टमधून मागे सिलिंडरपर्यंत जाऊ शकतं. आणि पाण्याशिवाय काही सेकंदांपेक्षा जास्त नाही, रबर आणि सील जळतात.

मग पाण्यात टेस्ट कशी घ्यायची? पहिली टेस्ट गाडी ट्रेलरला पट्ट्यांनी बांधलेली, ट्रेलर ट्रॅक्टरला जोडलेला, मागचा भाग पुरेशा पाण्यात. थोडी रेस द्या, आवाज आणि ओढ बघा. खाली दगड-गाळ नसावा, मागे माणूस नसावा. इथे पास झाली तरच सोडायची.

सोडताना लाइफ जॅकेट घातलेलं, सेफ्टीची दोरी मनगटाला, आणि जवळ दुसरी चालू बोट, शक्यतो तिथल्या मच्छीमार दादांची. एक गोष्ट नव्या पोरांना माहीत नसते: जेट स्कीला सुकाणू नसतं, ती धारेनंच वळते. रेस सोडली किंवा इंजिन बंद पडलं की हँडल कितीही फिरवा, गाडी सरळच जाते.

हे सगळं मी घाबरवायला सांगत नाही. २१ मे २०२४ ला याच बॅकवॉटरमध्ये, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. एक जण पोहत काठाला लागला. रोजच्या वाटेवरची, रोजची माणसं होती ती. उजनी म्हणजे भरल्यावर ११७ टीएमसीचं धरण आहे, काठावरून शांत तळ्यासारखं दिसलं तरी. मे महिन्यात दुपारनंतर वारा कधी फिरेल सांगता येत नाही, आणि पाणी उतरलं की पळसदेवच्या देवळासारखी बुडालेली बांधकामं वर येतात, काही पाण्याच्या जेमतेम खाली राहतात. अशा ठिकाणी मधोमध बंद पडलेली जेट स्की वारा नेईल तिकडे जाते.

पर्यटकांना बसवून पैसे घ्यायचा विचार असेल तर इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ खालची नोंदणी आणि तपासणी, विमा, धरणाच्या पाण्यात उतरायची परवानगी हे सगळं आधी विचारून घ्या. गाडी घेतानाच कागद मागा. कागद नसलेली स्वस्त गाडी मला तरी स्वस्त वाटत नाही.

आपल्या भिगवणच्या भावाची रिंग मागवलीय, क्लॅम्प नवे बसलेत, रविवारचा बेत रद्द झालाय. तुमच्याकडे असंच काही धूड पडलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पण नुसतं "चालत नाही दादा" नको. टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, मीटरवर किती तास, रेस दिल्यावर आवाज चढतो का, सीट काढून आणि सीट लावून काय फरक पडतो, आणि फट मोजली असेल तर तो आकडा, एवढं सांगा. मग बोलू.