डोंगर घडवणारे हत्यार

घरात संगणक आला की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. मुले म्हणतात, संगणक हळू चालतो. आईवडील म्हणतात, पोरे नुसती खेळत बसतात. पण वाचकहो, संगणकावरचा खेळ खेळणे वेगळे आणि तो तयार करणे वेगळे. आज जगभर असंख्य हौशी मुले-माणसे शाळा, कॉलेज, नोकरी सांभाळून स्वतःचे खेळ तयार करतात. त्यांना लागणारे एक हत्यार बनवायला आम्ही तिघे मित्र बसलो. दोघे नोकरदार, एक शिकवण्या घेणारा. रात्रीची जेवणे उरकली की आमचे काम सुरू होई.

हे हत्यार जमीन घडवण्याचे. खेळातले डोंगर, दऱ्या, घाट, माळ यांना त्याने आकार द्यायचा. हे काम करताना आमचे काय चुकले आणि ती चूक कोणी दाखवून दिली, ते सांगण्यासाठी हा लेख.

चौकटीची वही

पडद्यावर दिसणारा डोंगर मुळात आकड्यांचा तक्ता असतो. चौकटीची वही घ्या आणि प्रत्येक चौकटीत त्या जागेची उंची मीटरमध्ये लिहा. माळाच्या जागी १००, चढावर ३००, माथ्यावर ८००. झाला उंचीचा नकाशा. संगणक शेजारशेजारचे बिंदू त्रिकोणांनी जोडतो आणि त्यावर रंग चढवतो. आमचा नकाशा १०२४ आडव्या आणि १०२४ उभ्या बिंदूंचा होता. म्हणजे १०,४८,५७६ आकडे आणि सुमारे २१ लाख त्रिकोण.

एवढे आकडे हाताने कोण लिहिणार? म्हणून ब्रश लागतो. माऊस दाबून फिरवला की ब्रशच्या वर्तुळाखालची जमीन वर येते. मध्यभागी जास्त, कडेला कमी. ही उतरण नीट साधली नाही तर टेकडीऐवजी खांब उभा राहतो. दुसरा ब्रश जमीन खाली दाबतो. तिसरा प्रत्येक बिंदूला शेजाऱ्यांची सरासरी देऊन खडबडीतपणा घालवतो. चौथा सगळे एका पातळीत आणतो.

आधी घडवणारी माणसे

संगणकाने डोंगर काढण्याची युक्ती आमची नाही. लोरेन कारपेंटर हे अमेरिकेतल्या बोइंग या विमान कंपनीत नोकरीला होते. विमानाच्या चित्रामागे डोंगर हवेत म्हणून त्यांनी गणिताच्या आधाराने मोठ्या त्रिकोणाचे लहान त्रिकोण पाडत डोंगर काढायचा मार्ग शोधला. १९८० साली सिएटलच्या परिषदेत त्यांनी 'व्हॉल लिब्र' हा सुमारे दोन मिनिटांचा चित्रपट दाखवला आणि पुढे त्यांना लुकासफिल्ममध्ये काम मिळाले. केन पर्लिन यांनी १९८२ च्या 'ट्रॉन' चित्रपटासाठी काम केले होते. संगणकाची चित्रे त्यांना फार गुळगुळीत, यंत्री वाटली. म्हणून त्यांनी निसर्गासारखा अनियमितपणा आणणारे गणित बसवले आणि १९८५ मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध केला. १९९७ साली त्यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. त्या मूळ पद्धतीवर त्यांनी पेटंट घेतले नाही. आज कोणीही विद्यार्थी ती फुकट वापरतो.

आम्ही आमचे हत्यार 'गोदो' या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरला जोडायचे ठरवले. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झूर यांनी ते सुरू केले आणि २०१४ साली सर्वांसाठी खुले केले. त्याला पैसे पडत नाहीत, त्याचा प्रोग्राम वाचता येतो आणि बदलताही येतो. डोंगर घडवण्याची सोय त्यात मुळात नाही. ती हौशी प्रोग्रामर वेगळी जोडून देतात. 'टेरेन थ्रीडी' हे त्यातले नावाजलेले जोडसाधन, आणि तेही खुलेच. ते वाचून आम्ही पुष्कळ शिकलो. तरी स्वतः बनवल्याशिवाय खरे कळत नाही, म्हणून आमचा खटाटोप.

नाणेघाट पडद्यावर

चाचणीसाठी आम्ही आपलाच मुलूख निवडला. कोकणातून नाणेघाट चढून जुन्नरला जाणारी सातवाहन काळातली व्यापारी वाट. एक व्यापारी बैलांवर माल लादून ही वाट चढतो, असा खेळ करायचा होता.

उंचीचे आकडे फुकट मिळाले. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या 'एन्डेव्हर' अंतराळयानाने ११ दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने जमिनीची उंची मोजली. पृथ्वीवरच्या सुमारे ८० टक्के जमिनीची मापे त्यातून मिळाली. दर ३० मीटरला एक माप, अशी बारीक माहिती पुढे सगळ्या जगासाठी खुली झाली.

पहिल्याच रात्री फजिती झाली. आम्ही जुन्या आवृत्तीची फाइल उघडली, तर डोंगरात ३२ हजार मीटर खोल विहिरी! खोल दऱ्यांत रडारला माप मिळाले नव्हते, त्या जागी 'माहिती नाही' या अर्थाने उणे ३२,७६८ हा आकडा भरलेला होता. आम्ही तो खरा मानला. दुसरी चूक साठवणुकीची. नकाशा साध्या चित्रासारखा साठवला, तर त्यात उंचीच्या २५६ च पातळ्या मावतात. ज्या तुकड्यातून आम्ही नाणेघाट कापून घेतला, त्यातच १६४६ मीटरचे कळसूबाई शिखर येते. १६४६ ला २५६ ने भागले की साडेसहा मीटरची एकेक पायरी होते. सगळ्या सह्याद्रीवर भातखाचरे पाडल्यासारखी दिसू लागली. ६५,५३६ पातळ्यांची साठवण वापरली, तेव्हा पायरी अडीच सेंटिमीटरवर आली आणि डोंगर डोंगरासारखा दिसला.

या चुका आम्हाला दिसल्या, कारण त्या पडद्यावर दिसत होत्या. खरी चूक दिसत नव्हती.

भाचीचा संगणक

आमच्यापैकी एकाची भाची बारावीत आहे. तिला खेळ तयार करायची भारी हौस. वडील गवंडी, आई घरकाम करते. घरात जुन्या बाजारातून घेतलेला चार जीबी मेमरीचा संगणक. आम्ही मोठ्या कौतुकाने हत्यार तिला दिले. रडारला नाणेघाटाची अरुंद खिंड नीट दिसलेली नाही. खिंड काही पावलांची आणि मापे ३० मीटरवर, त्यामुळे नकाशात तिथे नुसता उतार येतो. ती खिंड ब्रशने कोरून काढायची, हे काम तिने अंगावर घेतले.

दोन संध्याकाळी ती बसली. खिंड कोरली, कडे उभे केले, वाट काढली. दुसऱ्या दिवशी रात्री संगणक गोठला. पुन्हा सुरू केला तर काहीच उरले नव्हते. काम मध्ये मध्ये आपोआप साठवण्याची सोय आम्ही ठेवली नव्हती. आपल्याला तर कधी गरज पडली नाही, असे आम्हाला वाटले होते.

रविवारी आम्ही तिच्या घरी गेलो. ती रडली नाही, पण म्हणाली, "मामा, तुमचं हत्यार तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतं. तसला कॉम्प्युटर माझ्याकडे नाही."

आमच्याकडे उत्तर नव्हते. दाजी, म्हणजे तिचे वडील, बाजूला चहा पीत होते. त्यांनी विचारले, "काम चुकलं तर मागं कसं यायचं? आमचं प्लास्टर ओलं असेतोवर सुधारता येतं. तुमच्यात कसं?"

आम्ही सांगितले, एक बटण दाबले की शेवटची चूक पुसली जाते. आणि सांगता सांगताच चूक कुठे आहे ते ध्यानात आले.

एक चूक पुसायला किती जागा?

मागे येता यावे म्हणून ब्रशच्या प्रत्येक फटकाऱ्याआधी आम्ही अख्खा नकाशा मेमरीत जपून ठेवत होतो. एका आकड्याला चार बाइट, म्हणजे एका फटकाऱ्याला चार एमबी. एका संध्याकाळी पाचशे फटकारे सहज होतात. झाले दोन जीबी! आमच्या ३२ जीबीच्या यंत्रांना ते जाणवलेच नाही. भाचीच्या यंत्राचा त्याने गळा धरला.

उपाय अवघड नव्हता. नकाशाचे ६४ बाय ६४ बिंदूंचे २५६ तुकडे केले. ब्रश ज्या तुकड्यांना लागला, तेवढ्यांचेच जुने आकडे जपायचे. एक तुकडा १६ केबीचा. एका फटकाऱ्यात चार तुकडे बदलले तरी ६४ केबी. पाचशे फटकाऱ्यांना साधारण ३२ एमबी. दोन जीबीचे काम ३२ एमबीत झाले. शिवाय दर पाच मिनिटांनी कामाची प्रत आपोआप वेगळ्या फाइलीत ठेवली जाईल, अशी तजवीज केली. मूळ फाइलीला ती प्रत हात लावत नाही.

मग २१ लाख त्रिकोणांकडे वळलो. साध्या संगणकाला ते दर क्षणी नव्याने काढणे झेपत नाही. यावर फ्रँक लोसासो आणि ह्यूग हॉप यांनी २००४ साली मांडलेली पद्धत कामी आली. पाहणाऱ्याभोवती चौकोनी कडी कल्पायची. जवळच्या कड्यात त्रिकोण बारीक, पुढच्या प्रत्येक कड्यात दुप्पट मोठे. एसटीच्या खिडकीतून जवळच्या दरडीचा दगड न् दगड दिसतो, लांबच्या डोंगराची नुसती रेघ दिसते, तसेच हे. दोन कड्यांच्या सांध्यात फटी पडत होत्या. त्या बुजवण्यात आमच्या तीन आठवड्यांच्या रात्री गेल्या. पण त्यानंतर भाचीच्या संगणकावर माऊस अडखळेनासा झाला.

लेणे कसे कोरावे?

भाचीने खिंड पुन्हा कोरली. या वेळी ती लवकर झाली, कारण हात बसला होता. मग तिने विचारले, "मामा, आता लेणं कसं कोरायचं?"

नाणेघाटाच्या माथ्याजवळ लेणे आहे, त्यात नागणिका राणीचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी शिलालेख आहे. पुढे जुन्नरच्या डोंगरांत तर बौद्ध लेण्यांची रांगच आहे. ती वगळून ही वाट दाखवायची कशी? पण उंचीच्या नकाशात एका जागेला एकच उंची असते. लेण्याला तळ असतो, वर छत असते आणि छतावर पुन्हा डोंगर. एका चौकटीत तीन आकडे लिहायचे कसे? ब्रशने कितीही कोरा, खड्डा होईल, लेणे होणार नाही.

म्हणून आणखी एक ब्रश केला, भोक पाडणारा. हा ब्रश लागलेल्या बिंदूंची जमीन संगणक काढतच नाही. त्या मोकळ्या जागेत लेण्याचा वेगळा तयार केलेला आकार बसवायचा. पहिल्या चाचणीत लेणे छान दिसले, पण व्यापारी दारातच अडला. डोळ्यांना दिसणारी जमीन आम्ही काढली होती, पायांना लागणारी तशीच राहिली होती. चालणे-आदळणे ठरवणारा हिशोब वेगळा असतो, तिथेही भोक पाडावे लागते. ही चूक भाचीनेच पकडली, आणि कोणत्या ओळीत दुरुस्ती हवी तेही दाखवले. प्रोग्राम खुला होता, तिने तो वाचला होता.

आता नवी सुधारणा केली की आधी ती त्या चार जीबीच्या संगणकावर चालवून बघायची, असा आम्ही नियमच केला आहे. तिथे चालली तरच ती ठेवायची.

पालकांना एवढेच सांगणे आहे. मूल संगणकापुढे बसले की लगेच रागावू नका. जवळ बसा आणि विचारा, खेळतोस की बनवतोस? बनवत असेल तर यंत्र जुने आहे म्हणून त्याला थांबवू नका. गोदोसारखी साधने फुकट आहेत, डोंगरांची मापे फुकट आहेत. आणि काम कळत नसले तरी दाजींसारखा एखादा प्रश्न विचारा. आमच्या तिघांच्या डोक्यात जे आले नाही, ते त्या एका प्रश्नाने आले.